नावाच्या शेवटी र

पनवेलच्या इस्पितळात, अपुऱ्या दिवसांच्या बाळांच्या खोलीबाहेर ती उरणची बाई रोज बसायची. आत माझा नातू होता आणि तिची भाची. ती आत्या, म्हणजे बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान तिचा.

"थोरल्या दोघी केसर आन् लहर हायत," ती म्हणाली. "हिच्या पन शेवटी र पायजे. गावात कुनाचं नसंल असं."

मी मोबाइलवर बघून नावं वाचायचो. ती प्रत्येक नाव पुटपुटून बघायची आणि मान हलवायची. एकदा मी वैतागलो. "अहो, पोर जगू दे आधी."

"हाक मारायला नाव नको?" ती म्हणाली.

आठव्या दिवशी ती हसत आली. नाव सापडलं होतं. मी विचारलं, तर म्हणाली, "आदी तिच्या कानात, मंग तुमाला."

आत फक्त आईला सोडत. दुसऱ्या दिवशी मात्र नर्सने तिलाही आत बोलावलं. ती बाहेर आली आणि माझ्याशेजारी बसली.

"कुर्र केलं तिच्या कानात. पन कान गार होता ओ."

नातू आता शाळेत जातो. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही. शेवटी र होता, एवढंच ठाऊक आहे.