घोड्याच्या नागरिकत्वाचा खटला

कायद्याच्या पहिल्या वर्षाला मी दोनदा नापास झालो, त्यामुळे पास झालेल्यांपेक्षा मला कायदा दुप्पट येतो अशी माझी ठाम समजूत होती. एकोणीसशे सत्तरच्या आसपास मी माथेरानच्या एका हॉटेलात कारकून होतो. पावसाळ्यात हॉटेल बंद, मालक मुंबईला. किल्ल्या माझ्या कमरेला, आणि राखणीला सोबत तिघे: कळंबचा म्हातारा आचारी, एक माळी आणि तबेल्याशेजारच्या खोलीत राहणारा एक घोडेवाला.

पावसाचा मारा अडवायला भिंतींना गवताचे झाप बांधलेले, दहा पावलांपलीकडे नुसतं धुकं, आणि पत्त्यांतली इस्पिकची राणी हरवलेली. तेव्हा मी एक खेळ काढला. हॉटेल हे संस्थान, आम्ही चौघे त्याचे नागरिक. जुन्या मेनूकार्डाच्या पाठीवर मी घटना लिहिली. जो कोणी सात रात्री हद्दीत राहील आणि सगळ्यांच्या उपयोगाचं काही काम करील, तो नागरिक. नागरिकाला चुलीजवळ जागा आणि डोक्यावर न गळणारं छप्पर. आचारी प्रधान, माळी कोतवाल. न्यायाधीश कोण, हे मी मतदानाला टाकलंच नाही.

खेळ रंगला. माळ्याने चहात दोनदा साखर घेतली म्हणून खटला झाला. शिक्षा, कांदे सोलणे. घोंगडीचा झगा पांघरून मी निकाल द्यायचो, आणि तेवढ्यापुरता बापाच्या मनातला वकील व्हायचो.

एका दुपारी जेवणं उरकल्यावर घोडेवाला उभा राहिला. एरवी तो फारसा बोलायचा नाही.

"न्यायाधीशसाहेब, माज्या घोड्याला नागरिक करा."

सगळे हसले. मी घोंगडी सावरली. "आधार काय?"

"सात रात्री काय, सात वर्सं हितंच हाय."

"आणि काम?"

"मोसमात पावनं वाहतो. आता लीद देतो. या कोतवालाचे गुलाब तिच्यावरच हायत."

"ते खरं हाय," माळी म्हणाला.

खटला हातातून निसटतोय असं दिसताच मी गंभीर झालो. "नागरिकाला शपथ घ्यावी लागते. ती बोलून घ्यावी लागते."

"घटनेत कुठं हाय तसं?"

"अध्याहृत आहे," मी म्हणालो. ज्या शब्दांच्या जोरावर मी नापास झालो होतो, त्यांतलाच तो एक. "दावा फेटाळला."

या वेळी कोणी हसलं नाही. त्या शब्दाने सगळे दिपले, असा अर्थ मी काढला. घोडेवाला "बरं" म्हणून निघून गेला.

आचारी पातेलं घासत होता. मान वर न करता म्हणाला, "भाऊ, तो खेळत नव्हता."

"म्हणजे?"

"परवा तबेल्याचा पत्रा उडाला. घोडं चिखलात उभं हाय, सारखं खोकतंय. पाय दुखावलाय, नायतर बाकीच्या घोड्यांवानी पावसाळ्यात खाली नेरळला नेलं असतं. एकच घोडं हाय त्याला. ते गेलं, तर मोसमात काय सोता पावनं पाठीवर घेईल?"

"मग मला सरळ मागायचं."

"मालकाचा हुकूम हाय ना, जनावर आत नाय. तुमी नाय म्हनला असता, तर रोज एका पंगतीला बसायचं कसं? म्हून कोर्टात मागितलं. आन तुमी काय, तर अध्या... काय ते."

छत्री घेऊन मी तबेल्यात गेलो. घोडा एक पाय उचलून भिंतीला टेकला होता. पाणी त्याच्या पाठीवरून धारेनं ओघळत होतं. खोकताना त्याचं सगळं अंग हलायचं.

मी परत आलो आणि तिघांना पुन्हा स्वयंपाकघरात जमवलं.

"न्यायालयाला आपला निकाल फिरवायचा आहे," मी म्हणालो. "पण घटनेत अपिलाचं कलम नाही."

"लिवा की मग," आचारी म्हणाला. "पेन तुमच्याच खिशात हाय."

मी कलम लिहिलं, अपील दाखल करून घेतलं आणि मंजूरही केलं, सगळं एका दमात. घोड्याला भोजनगृहामागचा बंदिस्त व्हरांडा दिला. आता घोडेवाला खूश होईल म्हणून मी त्याच्याकडे पाहिलं. तो जागचा हलला नाही.

"मेनूकार्डावरचं नको," तो म्हणाला. "मालक अवचित वर आले तर घोडं भाईर काडतील, आन मला बी. हापिसाचा कागद द्या."

माळी उगाचच चुलीत फुंकू लागला. हापिसाचा कागद म्हणजे खाली माझं नाव, आणि मालक आला की पहिली नोकरी माझी जाणार.

"देतो," मी ठासून सांगितलं.

हॉटेलच्या छापील कागदावर मी लिहिलं, की सदर घोड्यास मागील व्हरांड्यात राहण्याचा हक्क असून ही परवानगी मी स्वतः दिली आहे. पूर्ण नावानिशी सही केली, हुद्दा लिहिला, वर शिक्का मारला. मग न्यायाधीशाच्या थाटात कागद त्याच्यापुढे धरला.

घोडेवाल्याने कागद उजेडाकडे धरला. "शिक्का उलटा पडलाय."

"कायद्यात बसतो," मी म्हणालो.

त्याने कागदाची घडी करून टोपीत खोचली आणि घोडा आणायला गेला.