तीन रिकामे कप्पे

माझी शाळा चौथीत सुटली. नवरा फौजेत होता. तो गेला तेव्हा मुलगी तीन वर्षांची. त्याच्या मागं मला दिल्ली कॅन्टोन्मेंटच्या एका रेकॉर्ड रूममध्ये चपराशी म्हणून घेतलं. कागदावरचं इंग्रजी वाचता येत नव्हतं, पण आकडे येत होते. त्यावरच नोकरी निभावली.

भिंतभर लोखंडी रॅक, कप्प्यांना ओळीनं नंबर. कुठल्या नंबरात काय आहे ते तोंडपाठ. चाकाची शिडी होती, ती दर चार कप्प्यांनी खाचेत अडकायची. एक ढकल म्हणजे चार कप्पे. पेन्शनचे जाड गठ्ठे चार-चार कप्पे व्यापायचे, आणि नियम असा की जाड गठ्ठा खाचेपासूनच लावायचा. मागं कप्पे रिकामे राहिले तर राहू देत.

मला ते रिकामे कप्पे बघवायचे नाहीत. आम्ही मायलेकी एका खोलीत राहायचो, तिथं खाटेखालची जागासुद्धा रिकामी नसायची. एकदा एका बारीक फायलीला लागूनच मी जाड गठ्ठा लावून टाकला. तो गठ्ठा कुणी मागितला तेव्हा शिडी कुठल्याच खाचेत नीट येईना. या खाचेत एक टोक हाताला येई, पुढच्या खाचेत दुसरं. वाकून ओढला, सुतळी तुटली, कुणाचे कुणाचे कागद जमिनीवर एक झाले. बडे बाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, म्हणाले, "जगह क्या आपके ससुराल की है, जो बचा रही हैं?" पाच दिवस जमिनीवर बसून कागद लावले. नोकरी वाचली. मुलीला यातलं काही सांगितलं नाही.

ती शिकली, गुरुग्रामच्या कंपनीत लागली. पाण्याच्या मीटरच्या आत जो प्रोग्राम असतो, तो लिहायचं काम. नोकरी अजून कच्ची होती. एका रविवारी दिल्लीतल्या द्वारकेच्या घरी मी मटार सोलत होते आणि ती समोर मीटर घेऊन बसलेली. सकाळपासून चहासुद्धा नाही.

"आई, उद्या साहेब बघणार. लॅपटॉपवर बिल्कुल नीट चालतं, मीटरवर टाकलं की बंद पडतं. उद्या नाही चाललं तर मला ठेवणार नाहीत."

"मला समजेल असं सांग."

"मेमरी म्हणजे बारीक कप्प्यांची रांग. नंबर शून्यापासून. माझ्या हातात वस्तू नसते, कप्प्याचा नंबर असतो. त्याला पॉइंटर म्हणतात."

"शून्य नंबरचा कप्पा? अच्छा. पुढं?"

"एक आकडा चार कप्पे घेतो. मी म्हटलं एक पाऊल पुढं, की पॉइंटर आपला आपण चार कप्पे सरकतो."

"म्हणजे शिडीची ढकल. तुझा पहिला आकडा कुठून सुरू होतो?"

"शून्यात एक छोटी खूण आहे. म्हणून एकपासून. मग पाच, नऊ."

मी मटार बाजूला ठेवला. "खाचा कुठं आहेत? शून्य, चार, आठ?"

तिनं बोटांवर मोजलं. "हो. पण लॅपटॉप मधूनही आकडा उचलतो ना."

"तो दोनदा हात घालत असेल. सगळ्यांना जमत नाही. मध्ये तीन कप्पे रिकामे का नाही सोडलेस?"

"छोट्या चिपमध्ये जागा कमी असते. आणि तूच तर जन्मभर म्हणत आलीस, जागा वाया घालवू नको."

मग तिला गठ्ठ्याचं सगळं सांगितलं. ससुराल ऐकून ती खूप हसली.

तिनं खुणेनंतर तीन कप्पे सोडले, आकडे चारपासून सुरू केले. मीटरवर आकडा आला, मिटला, पुढचा आला. ती दहादा बंद-चालू करून बघत होती. मी चहा टाकला.

सोमवारी साहेबांनी बघितलं. ते तीन कप्पे कशाला रिकामे, असं त्यांनी विचारलंच नाही म्हणे, त्यांना ठाऊक होतं. महिनाभरानं नोकरी पक्की झाल्याचा कागद आला. तो इंग्रजीत होता, तिनंच वाचून दाखवला.