नावाचा रकाना

"तुमच्या लोकांत हे सगळं चालतं हो बाई. पण वाचनालय म्हणजे पाडा नाही."

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहून घेतलं. कारण तेव्हा मी इतिवृत्तच लिहीत होते. जव्हारच्या आमच्या वाचनालयात कार्यकारिणीची सभा असली की टेबलाच्या कोपऱ्याला बसायचं आणि कोण काय बोललं ते लिहायचं, हे ग्रंथपाल म्हणून माझं काम. एकोणीस वर्षं करत आले. हाताला सवय झाली आहे. कानावर पडलं की हात लिहितो. डोकं मागून येतं.

त्या दिवशी डोकं आलं तेव्हा वाक्य लिहून झालं होतं आणि सगळे हसत होते.

सात पुरुष. अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक. गाव त्यांना सर म्हणतं, मीही म्हणते. शिवाजी महाराज थांबले होते त्या शिरपामाळला पाहुणे आले की इतिहास सांगायला यांनाच बोलावतात. त्यांच्या हातात एक कादंबरी होती. गुलाबी मुखपृष्ठ, त्यावर अर्धवट उघडी खिडकी. त्यांनी ती मागून उघडली होती. शेवटच्या कोऱ्या पानांवर वाचकांच्या चिठ्ठ्या मी डिंकाने चिकटवल्या होत्या. सर त्या मोठ्याने वाचत होते. वर्गात कच्च्या पोराची वही वाचून दाखवावी तशा.

"'असं कोण विचारतं बायकोला? मला तर कधी नाही विचारलं.' वा! काय विचारायचं राहिलं म्हणे?"

एक सभासद म्हणाले, "सर, खाली पत्ता आहे का? जाऊन विचारून येऊ."

पुन्हा हसले. मग सर माझ्याकडे वळले आणि ते वाक्य बोलले. आणि पुढे म्हणाले, "कोणाकोणाला दिलंत हे? पुढच्या सभेला नावांची यादी आणा. त्यांच्या घरच्यांना कळायला हवं. आणि ते मघाचं इतिवृत्तात घेऊ नका."

मी मान हलवली. सांगायला लाज वाटते, पण हलवली. चहा आला तेव्हा कपही मीच हातात दिले. सगळ्यांना.

ते पुस्तक कसं आलं ते आता क्रमाने सांगते.

पुरवठादाराची छापील यादी आली होती. त्यात 'कौटुंबिक कादंबऱ्या' या मथळ्याखाली हिचं नाव होतं. सासू-सुनेची गोष्ट असणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही. सरांनी संपूर्ण यादीखाली सही केली. पुस्तकं आली. मी शिक्का मारला, दाखल क्रमांक घातला आणि ही कादंबरी न वाचता फिरत्या पेटीत टाकली.

फिरती पेटी म्हणजे पत्र्याची ट्रंक. तिच्यात चाळीस पुस्तकं बसतात. बाजाराच्या दिवशी मी ती जीपच्या टपावर टाकून मोखाड्याला नेते आणि तहसील कचेरीच्या बाजूला एका ओट्यावर उघडते. अंगणवाडी सेविका येतात, आशाताई येतात, शिक्षिका, कारकुनांच्या बायका. पिशवीत खाली पुस्तक, वर भाजी. जव्हारमधल्याही काही जणी दुपारी वाचनालय रिकामं असताना येतात आणि पेटीतलंच पुस्तक मागतात. वाचनालयाचं रजिस्टर टेबलावर उघडं असतं, कोणीही चाळतं. पेटीची वही माझ्या पिशवीत असते. पाच रकाने: तारीख, क्रमांक, नाव, गाव, परत.

आणि माझा एक नियम. पुस्तक परत करताना चिठ्ठीवर दोन ओळी मत लिहायचं. खाली नाव नको. इतकी वर्षं त्या चिठ्ठ्यांवर मी एकच मत वाचत आले. 'छान आहे.' पाककृतीचं पुस्तक छान आहे, चरित्र छान आहे, भुताची गोष्ट छान आहे.

ही कादंबरी गेली आणि पहिल्यांदा कोणी छान आहे म्हणालं नाही.

पहिली बाई तर पुढच्या बाजाराचीही वाट न बघता जीप करून जव्हारला आली. "बाय, हे घरात ठेवायचं पुस्तक नाय." चिठ्ठीवर लिहिलं, 'घाण आहे. चाळीस पानांच्या पुढे वाचलं नाही.' खुणेसाठी दुमडलेलं पान एकशे बाराचं होतं. मी ते सरळ केलं.

दुसरीने ओट्यावरच सगळ्यांना ऐकवलं, "त्या हिरोला कामधंदा नाय का गं? सकाळी घरी, दुपारी घरी. आमचा असा घरी बसला तर मी हाकलीन." एका शिक्षिकेचं मत होतं, भाषा चांगली, पण प्रेम म्हणजे एवढंच का? एका निवृत्त नर्सबाईंनी लिहिलं, 'शरीराच्या भागांची नावं सरळ मराठीत लिहिलेली प्रथमच वाचली. दवाखान्यात आम्ही आयुष्यभर खुणा केल्या.' एका चिठ्ठीवर होतं, 'दोनदा वाचलं. राग आला. कोणाचा ते नाही सांगत.' एक चिठ्ठी पुरुषाची. 'बायकोने आणलेले वाचले. शिकण्यासारखे आहे.' आणि ती, जी सरांनी वाचून दाखवली. कादंबरीत तो माणूस हात लावायच्या आधी थांबतो आणि तिला विचारतो. तेवढ्या एका जागेबद्दल होती ती.

सात चिठ्ठ्या झाल्यावर मी स्वतः वाचली. काही पानं भराभर उलटली. काही परत मागे जाऊन वाचली. वाचनालयात माझ्या टेबलावर राहिली, तिथूनच ती सरांच्या हाती लागली. त्या कादंबरीत कोणी आजारी पडत नाही, कोणी पाणी भरत नाही, भांडी आपोआप घासली जातात. मी त्या पुस्तकाची वकील नाही. पण मोखाड्याच्या ओट्यावर, मिरच्या आणि सुक्या मासळीच्या वासात, बायका एका पुस्तकावरून भांडल्या. एक म्हणे जाळा, दुसरी म्हणे आधी मला द्या. हे मी एकोणीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

आता यादीचं.

सभेच्या दुसऱ्या दिवशी मी यादी करायला बसले. खोटं कशाला सांगू. याद्या करणं मला आवडतं. रेशनची, लसीकरणाची, लग्नातल्या आहेराची, पाड्यावर कोणालाही यादी हवी असली की माझ्याकडे येतात. नवरा म्हणाला, "यादीच तर आहे. देऊन टाक." मी कागद घेतला, पट्टीने रकाने आखले आणि लिहू लागले. एक, नाव, गाव. दोन, नाव, गाव.

चौथ्या नावाला अक्षराकडे लक्ष गेलं. सरळ, गोल, एकसारखं. या अक्षराने मी आधी एकदा अशी यादी केली होती.

आश्रमशाळेत होते. आठवीत. अक्षर चांगलं म्हणून अधीक्षिकाबाईंनी मला एक वही दिली. त्यात मुलींची नावं आणि प्रत्येकीची पाळीची तारीख, महिन्या-महिन्याला. मुली मला येऊन सांगायच्या, मी लिहायची. मला मान वाटायचा. दिवाळीची सुट्टी संपली की बाई त्या वहीवरून बोट फिरवायच्या. त्या वर्षी बोट एका नावावर थांबलं. जामसरच्या पलीकडच्या पाड्यावरची मुलगी. माझ्या शेजारच्या सतरंजीवर झोपायची. तिचे दोन महिन्यांचे चौकोन रिकामे होते.

बाईंनी ते प्रार्थनेच्या वेळी वाचलं. मुलांसमोर. शिक्षकांसमोर. वही मीच धरून उभी होते.

तिच्या बापाला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन उन्हात उभा राहिला. त्याला कोणी आत या म्हणालं नाही. बाई त्याला म्हणाल्या, "तुमच्या लोकांचं असंच. लक्ष ठेवावं लागतं."

ती आजारी होती. सुट्टीभर तापात पडून होती, अंगात रक्त नव्हतं. डॉक्टरांनी मागाहून तेच सांगितलं. तोपर्यंत ती निघून गेली होती. पुन्हा शाळेत आली नाही. तिच्या नावापुढचे चौकोन मी वर्ष संपेपर्यंत रिकामे ठेवले. नीट. पट्टीने आखून.

त्या वहीत मी एक अक्षर खोटं लिहिलं नव्हतं. सगळं खरं होतं. तेच वाईट.

चार नावांचा कागद मी फाडला. आखलेला कागद फाडायची माझी ती पहिली वेळ.

पुढच्या बाजाराला पेटी घेऊन मोखाड्याला गेले. माझ्याआधी बातमी पोचली होती. सात जण हसले होते, सात घरांत सांगितलं असणार. झाकण उघडून बसले, कोणी जवळ येईना. लांबून बघत होत्या. शेवटी एक अंगणवाडी सेविका आली, भाजी निवडल्यासारखं करत उभी राहिली.

"बाय, माझं नाव हाय ना तुझ्या वहीत?"

"आहे."

"खोड."

"खोडलं तरी खालचं वाचता येतं."

ती म्हणाली, "दिराला कळलं तर नोकरी सोडायला लावतील. पुस्तक जाऊ दे गं. घराबाहेर निघणंच बंद होईल माझं."

मी म्हटलं, "कळणार नाही."

"तू कोण ठरवणार?"

त्या दिवशी चाळीस पुस्तकं नेली आणि चाळीसच्या चाळीस परत आणली.

महिन्याने सभा झाली. कोणत्याही सभेत विषय क्रमांक एक ठरलेला असतो. मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. मी पुटपुटत वाचते, तेवढ्यात सगळे चष्मे पुसतात, मोबाइल बघतात, कोणीतरी "कायम" म्हणतं, सर सही करतात. अर्ध्या मिनिटाचं काम.

त्या दिवशी मी उभी राहून वाचलं. सावकाश.

"अध्यक्षांनी वाचकांच्या चिठ्ठ्या मोठ्याने वाचल्या. सभासद हसले. एका सभासदांनी बाईचा पत्ता विचारला. सभासद हसले. अध्यक्ष ग्रंथपालांना म्हणाले, 'तुमच्या लोकांत हे सगळं चालतं हो बाई. पण वाचनालय म्हणजे पाडा नाही.' सभासद हसले."

ज्यांनी पत्ता विचारला होता ते बशीकडे बघत होते.

सर म्हणाले, "हे घेऊ नका म्हणून सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. तेही लिहिलंय. पुढचंच वाक्य आहे. वाचू?"

"बाई, चेष्टा होती ती."

"मग तसं लिहिते. अध्यक्ष म्हणाले, चेष्टा होती." आणि लिहिलं. त्यांच्यासमोर. त्या दिवसाचं अक्षर वाईट आलं आहे.

सरांनी वही बाजूला सारली. "यादी आणलीत?"

"नाही. देणार नाही."

"पेटीची वही वाचनालयाची आहे."

"वाचनालयाचं रजिस्टर कपाटात आहे. पेटीची वही मी आणली, मी आखली. ती माझी आहे. यादी हवीच असेल तर खरेदीची देते. त्यात हे पुस्तक आहे आणि खाली तुमची सही आहे."

तेव्हा सर पहिल्यांदा ओरडले. "तुमच्या लोकांना पाठीशी घालताय तुम्ही!"

मी त्यांच्याकडे बघितलं. त्या यादीत फक्त पाड्यांवरची नावं नाहीत. जव्हारच्या आळ्यांमधलीही आहेत. बंगल्यांतलीही आहेत. एक वाक्य बोलले असते तर त्या टेबलाभोवती बसलेल्यांपैकी काहींची मान महिनाभर वर झाली नसती. ते वाक्य जिभेवर आलं होतं. पण ते वाक्य कोणाच्या तरी बायकोच्या नावाचं होतं. माझ्या अपमानाची फेड तिच्या घरात जाऊन करायची नव्हती मला. तेव्हा बोलले नाही. इथेही लिहिणार नाही.

इतिवृत्त कायम झालं नाही. सरांनी सही केली नाही. आठ दिवसांनी मला पत्र आलं, सेवेची आवश्यकता उरलेली नाही. मी कपाटाच्या किल्ल्या, शिक्के, शाईची बाटली, रजिस्टरं, पत्र्याची पेटी, सगळ्यांची यादी करून ताबा दिला आणि पोच घेतली. इतिवृत्ताची वहीही दिली. देण्याआधी ते पान उतरवून घेतलं होतं. वर जे लिहिलं आहे ते त्यातलंच. त्यांनी कायम केलं नाही, मी करते.

नवरा आठवडाभर धड बोलला नाही. ती अंगणवाडी सेविका अजून माझ्या समोर आली की वाट बदलते. तिचा माझ्यावर विश्वास बसलेला नाही. बसावा असं मी अजून काही केलेलं नाही. पेटीची जुनी वही मात्र चुलीत घातली आणि शेवटचं पान जळेपर्यंत तिथेच बसून राहिले.

मागच्या बाजाराला त्याच ओट्यावर बसले. वाचनालयाची पेटी नाही. कापडी पिशवीत घरची अकरा पुस्तकं. ती कादंबरी सरांच्या कपाटात कुलपात आहे. दुसरी प्रत मागवली आहे, आली की तीही ठेवीन. ज्यांना जाळावीशी वाटते त्यांनी वाचून तसं चिठ्ठीवर लिहावं, तेही चिकटवीन.

नवी वही आखली आहे. तारीख, क्रमांक, परत. तीनच रकाने. नावाचा रकाना नाही. पुस्तकं हरवतील, मला माहीत आहे. हरवू देत.

पहिल्या पानावर एक नाव आहे. माझं. आडनावासकट, पाड्यासकट. यादी मागायला कोणी आलं तर तेवढीच मिळेल.