खर्रा आणि दोन मणके

माझ्या कमरेतले दोन मणके स्क्रू घालून एकमेकांना जोडायचं ठरलं. नागपूरच्या डॉक्टरांनी धोके शांतपणे सांगितले. रक्त जाऊ शकतं, जखम पिकू शकते, क्वचित पायातली ताकद जाऊ शकते. मग विचारलं, "बिडी, सिगारेट, तंबाखू?" मी नकारार्थी मान हलवली. बायको तर अभिमानाने म्हणाली, "बिलकुल नाई जी." आम्ही खोटं बोललो नव्हतो. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे खर्रा व्यसनात धरत नाहीत. तो पाहुणचार असतो.

"काही शंका?"

शंका होत्या, पण तोंड भरलेलं होतं. मी हातानेच थांबा म्हटलं आणि थुंकायला खिडकी शोधू लागलो. डॉक्टर पाहत राहिले.

"तोंडात काय आहे?"

"खर्रा जी," बायको म्हणाली.

"त्यात काय असतं?"

"सुपारी." मग जरा थांबून, "चुना. अन् तंबाखू."

ऑपरेशन पुढे ढकललं गेलं. स्क्रू फक्त धरून ठेवतात, डॉक्टर म्हणाले. जुळायचं काम हाडानेच करायचं असतं, आणि तंबाखू ते जुळू देत नाही. नाही जुळलं तर स्क्रू ढिले होतात, पाठ पुन्हा उघडावी लागते. मला ती एकदा उघडायचीच धास्ती होती.

ऊर्जानगरला, वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये परतलो आणि खर्रा सोडला. म्हणजे बायकोने सोडवला. भेटायला येणारा जो तो खर्रा घेऊनच यायचा. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने जायचं कसं? बायको दारातच खिसे रिकामे करायला लावायची. चामोर्शीहून आलेल्या तिच्या सख्ख्या भावालाही सूट मिळाली नाही.

एक दिवस प्लांटमधला माझा जोडीदार आला. शिफ्टच्या आधी आम्ही प्लास्टिकच्या एकाच पन्नीत खर्रा घोटायचो आणि अर्धा अर्धा तोंडात टाकायचो. त्यामुळे इतकी वर्षं आमचं बोलणं 'हूं' आणि 'हूंहूं' एवढ्यावरच भागलं होतं. आता तो रिकाम्या तोंडाने खुर्चीत बसला. पंख्याकडे पाहिलं, कॅलेंडरकडे पाहिलं. मीही पाहिलं.

"भेव वाटते का बे?" शेवटी त्याने विचारलं.

"वाटते."

"मले बी वाटून राह्यलं," तो म्हणाला.

ऑपरेशन त्याचं नव्हतं.