किरायाचं विमान

त्या साली धानावर तुडतुडे पडले आणि सरकारनं फवारणीसाठी विमान पाठवलं. गावात दवंडी झाली: विहिरी झाका, ढोरं कोठ्यात बांधा. अड्याळच्या अलीकडे आमचं गाव. गावाबाहेरच्या बरडीवर माती दाबून विमान उतरायची जागा केली होती. मी आणि माझी मोठी बहीण लांबच्या बांधावरून बघायचो. मोठ्या बहिणीला मी बाई म्हणायची, दुरून हाक मारताना मात्र तिचं नाव घ्यायची. विमान इतकं खाली यायचं की पंखाखालची काळी इंग्रजी अक्षरं स्पष्ट दिसायची. बाई सातवी शिकलेली, ती एकेक अक्षर मोठ्यानं वाचायची.

कृषी खात्याचे एक साहेब दुपारी आमच्या ओसरीवर पाणी प्यायला बसत. विमानावर सरकारचं नाव काहून नाही, असं बाईनं त्यांना विचारलं. ते म्हणाले, विमान सरकारचं नाहीच, एका कंपनीकडून हंगामापुरतं किरायानं आणलंय. कोणत्या शिवारावर कोणतं विमान फिरलं, हे खात्याला त्या अक्षरांवरून कळतं. हे विमान मागं एका मालकानं दुसऱ्याला विकलंही होतं.

"मंग अक्षरं बदलवली असन?" बाईनं विचारलं.

"नाही. एकदा नोंद झाली की देशात कोणीही विकत घेवो, अक्षरं तीच."

 बाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "विकलं तरी नाव तेच रायते." तिचं लग्न ठरलेलं होतं.

माघात ती वैनगंगेपलीकडे गेली. नवऱ्यानं ताटातल्या तांदळावर अंगठीनं तिचं नवं नाव लिहिलं, आणि सगळ्यांनी ते मोठ्यानं वाचलं. दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेले. ती विहिरीवर होती. मी दुरूनच माहेरच्या नावानं हाक मारली. ती झटक्यात वळली, हसलीसुद्धा, पण जवळ आल्यावर म्हणाली, "इथं त्या नावानं नोको बलावू मले. सासूले आवडत नाही."

पुढं माझं लग्न झालं, जवाहरनगरच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये संसार लागला. आई-बाबा गेले. बाईला तिच्या जुन्या नावानं हाक मारणारी मी एकटीच उरले. ती क्वचित यायची. एकदा मुक्कामाला आली तेव्हा मी दिवसभर कारण नसताना त्याच नावानं हाका मारत होते: चहा घेतेस का, जरा इकडे ये, हे बघ. ती दर वेळी "ओ" द्यायची. मी अजून एक दिवस राहा म्हणून हात धरला. धान कापणीला आलंय, म्हणाली, आणि पिशवी उचलली. बस वळेपर्यंत मी फाट्यावर उभी होते. ती खिडकीतून बघत होती. तिला अजून एक हाक मारावी असं फार वाटलं, पण बसमध्ये तिच्या गावची माणसं बसलेली होती.