खारी हवा आणि शोरूमच्या भिंतीवरचा फोटो

वसईकर, विरारकर, जरा ऐका. सकाळपासून डोकं फिरलंय.

आठ महिन्यांची गाडी. परवा अर्नाळ्यात घराजवळच इंजिन बंद पडलं, टो करून शोरूमच्या सर्व्हिस सेंटरला नेली. आज तिथला माणूस म्हणतो, "सर, तुम्ही समुद्राजवळ राहता. खाऱ्या हवेने इंजिनची वायरिंग गंजलीय. हे वॉरंटीत बसत नाही."

अहो, गाडी विकताना माझा पत्ता तुम्हीच लिहून घेतलात ना? तेव्हा अर्नाळ्याला हवा नव्हती का?

त्याचं आपलं एकच. "बाहेरचं कारण आहे, सर."

तेवढ्यात बायकोने त्याच्या मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. तिथे खूश ग्राहकांचे फोटो लावलेत. त्यात आम्ही दोघं, अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर, गाडीला हार, मागे होड्या. यांच्याच सेल्समनने हट्टाने तिथे नेऊन काढलेला.

"मग हा समुद्र कुठला हो?" तिने विचारलं.

तो उठला, फोटो भिंतीवरून उतरवला आणि ड्रॉवरमध्ये टाकला.

गाडी अजून तिथेच पडून आहे.

तुमचाही असा हसरा फोटो कुठल्या शोरूममध्ये लागलाय का? गाडी चालू आहे तोवर जाऊन मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढून घ्या.