चन्नवीरच्या गाडीला कोण अडवतंय!

सोलापुरात सात रस्ता चौकाच्या बाजूला टुरिस्ट गाड्या उभ्या असतात. त्यांतला कुठलाही ड्रायव्हर तुम्हाला तुळजापूर, गाणगापूर, म्हणाल तिथे नेईल. पण घरातलं माणूस दवाखान्यात वारलंय आणि त्याला गावी न्यायचंय असं म्हटलं, की सगळ्या गाड्यांचे क्लच एकदम बिघडतात. एकट्या चन्नवीरच्या जीपचा क्लच बिघडत नसे. खरं तर त्या जीपचं क्लच सोडून बाकी सगळं बिघडलेलं होतं.

चन्नवीर म्हणजे गोल अंगाचा, कपाळाला भस्म लावणारा, कायम बडीशेप चघळणारा माणूस. आमच्याकडे लिंगायत घरांत मयताला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, भस्म लावतात, हार घालतात आणि मातीतही बसवूनच ठेवतात. मग चन्नवीरचं म्हणणं, गावापर्यंतच्या वाटेवर तरी आडवं का न्यायचं? तो मयताला पुढच्या सीटवर, आपल्या शेजारी बसवायचा, उपरण्यानं अलगद बांधायचा आणि वाटभर त्याच्याशी बोलत राहायचा. "अप्पा, खड्डा आला, सांभाळा हं. तुमच्या मेव्हण्याचं शेत बघा की, यंदा बी तसंच पडीक!" मागे बसलेली रडणारी मंडळी मध्येच हसायची, आणि हसू आलं म्हणून पुन्हा रडायची.

अशी गाडी येताना दिसली की नाक्यावरचा पोलीस हात जोडून बाजूला व्हायचा. एका नव्या हवालदारानं मात्र एकदा काच खाली करायला लावून विचारलं होतं, "शेजारच्यांनी सीटबेल्ट का नाही लावला?"

चन्नवीर म्हणाला, "सायेब, आता कशाला?"

घात झाला तो याच मानापायी. एका वर्षी गाडीचा टॅक्स भरायचा राहिला. भरला नाही म्हणून काही झालं नाही, आणि काही झालं नाही म्हणून पुढच्या वर्षीही भरला नाही. त्याची बायको दानेश्वरी दर दसऱ्याला गाडीला हार घालताना टोकायची, "नुसता हार घालून चालतंय व्हय? टॅक्स कोण भरणार?"

"माझ्या गाडीला कोण अडवतंय? शेजारी शिवाच्या घरचा पाव्हणा बसलेला असतो."

"आन् जाताना रिकामी असती तवा?"

यावर चन्नवीर बडीशेप चघळायचा.

त्याचं एक जिवंत गिऱ्हाईकही होतं. शिवबाई. बँकेत असलेल्या मुलाकडे, मंजुनाथकडे राहायची. मूत्रपिंडं गेलेली, त्यामुळे आठवड्यातून दोनदा दवाखान्यात जावं लागायचं, ते चन्नवीरच्या जीपनं. बसायची पुढच्याच सीटवर. "कितीजणांना नेलास रे हितनं?" असं विचारून सीटवर हात फिरवायची. मंजुनाथ चिडायचा. एकदा म्हणाली, "चन्नवीरा, माझी बारी आली की मला बी असंच न्यायचं. त्या ॲम्ब्युलन्समदी आडवी घालू नको. दिवसाउजेडी आडवी पडल्याली मला माझ्या सासूनंसुद्दा बघितली न्हाय. गावात मालक बसलेत मातीत. मी शेजारी आडवी पडले तर काय म्हणतील?"

"अव्वा, काय काळजी करू नका. बसवूनच नेतो."

"शब्द?"

"शब्द की."

शिवबाई दवाखान्यातच गेली, सकाळी. मंजुनाथचा फोन आला, "अण्णा, लवकर या. दवाखान्यातल्यांनी तिला सरळ करून ठेवलंय, इथं बसवू देत नाहीत. अंग ताठायच्या आत बसवायला पाहिजे."

चन्नवीर निघाला. होटगी रस्त्याला वळणावर परिवहन खात्याचं पथक उभं होतं. पुढची सीट रिकामी. हात दाखवला गेला.

निरीक्षक बाई तरुण होत्या, बोलायला सभ्य. मशीनमध्ये नंबर घातला. "काका, टॅक्स कधीपासून भरला नाही, माहीत आहे का? गाडी जमा करावी लागेल."

"बाईसाहेब, मयत आणायला चाललोय हो."

"सकाळपासून तुम्ही तिसरे. एकाची बायको बाळंत होतेय, एकाची आई वारली. त्याच आईनं मग फोन करून विचारलं, जेवायला येतोस का म्हणून."

चन्नवीरनं फोन लावून दिला. बाई मंजुनाथशी बोलल्या. चेहरा उतरला त्यांचा, खोटं कशाला सांगू. पण म्हणाल्या, "दादा, तुमच्या दुःखात मी काय बोलू? पण अशी गाडी मी सोडू शकत नाही. दुसरी बघा."

 पलीकडून मंजुनाथ म्हणाला, "बघतो."

दुसरी गाडी बघायचं काम चन्नवीरनंच केलं. जप्त गाडीच्या बॉनेटला टेकून त्यानं सात रस्त्यावरच्या एकेकाला फोन लावला. कुणाचं उद्या लग्नाचं भाडं होतं, कुणाची गाडी नवी होती, कुणाला बायको घरात घेणार नव्हती. ईरप्पा तर म्हणाला, "अण्णा, आडवं असलं तर टपावर बांधून नेतो. पर शेजारी बसवून? माझी छाती न्हाय." दुपार झाली. शेवटी मंजुनाथनं ॲम्ब्युलन्स ठरवली. तिच्यात बसवायला जागा नसते, स्ट्रेचर असतं.

गाडीचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. टॅक्स, त्यावरचं व्याज आणि दंड मिळून आकडा गाडीच्या किमतीच्या पुढे गेला. जीप आवारात उन्हात उभी राहिली, चाकं बसली, लिलावात भंगारवाल्यानं घेतली. चन्नवीर आता दुसऱ्याची रिक्षा चालवतो. रिक्षात पुढे शेजारी कुणी बसत नाही.

त्या दिवशी तो एसटीनं अक्कलकोट, तिथून वडापच्या जीपनं शिवबाईच्या गावी गेला. पोचला तेव्हा ऊन उतरलं होतं. शेतात, नवऱ्याच्या शेजारी, खड्डा तयार होता. खोल, चौकोनी, एका माणसानं मांडी घालून बसावं एवढा. शिवबाई वर चादरीवर सरळ पडलेली. विधीला आलेले स्वामी गुडघ्यांवर कोमट पाणी सोडून बायकांकडून पाय चोळून घेत होते. पाय वळत नव्हते.

"जोर लावला तर वळंल," एक भावकीतला म्हणाला. "पर हाडाचा आवाज येईल."

"नको," मंजुनाथ म्हणाला.

स्वामींनी सूर्याकडे पाहिलं आणि मान हलवली. आता खड्डाच लांब करायचा होता. चन्नवीर पुढे झाला. भावकीतल्या कुणीतरी त्याला ओळखून तोंड फिरवलं. त्यानं चपला काढल्या, आत उतरला आणि कुदळ मागितली. ती कुणी देईना. मंजुनाथनं दिली.

"अण्णा, पायाकडनं वाढवा," तो म्हणाला. "डोक्याकडं आमचे अप्पा हायत."

चन्नवीरनं कुदळ घेतली. वाटभर मयताशी बोलणारा हा माणूस, शिवबाईच्या उंचीएवढी माती निघेपर्यंत तिच्याशी एक अक्षर बोलला नाही.